येशूच्या मरणाने पापक्षमा कशी होते?

प्रश्न: देव दयाळू आहे, तर त्याने थेट क्षमा का केली नाही? निरपराध येशूला वधस्तंभावर का मरावे लागले?

उत्तर १: याची मुळे बायबलच्या जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहेत. वर्षातून एकदा इस्राएली लोकांचा प्रमुख याजक (मुख्य पुरोहित) दोन बकरे घेई. एकाचे रक्त पडद्याआड परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सर्वांत आतल्या खोलीत, शिंपडले जाई, तर दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल केली जात आणि त्याला रानात सोडले जाई. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्रा’नुसार, दरवर्षी करावे लागणारे हे कार्य ख्रिस्ताने स्वतःच्या रक्ताने एकदाच पूर्ण केले.

उत्तर २: अकराव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ अँसेल्म यांनी मांडले, की पापामुळे हिरावलेल्या देवाच्या मानाची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती देवालाच शक्य असल्यामुळे देव माणूस झाला. ख्रिस्ताच्या प्रेमाने माणसाचे अंतःकरण पालटते, यावर बाराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ आबेलार यांचा भर होता. मला ही दोन्ही मते एकेकटी अपुरी वाटतात.

उत्तर ३: निरपराधाला शिक्षा हा आक्षेप गंभीर आहे, मात्र त्रैक्य (पिता, पुत्र येशू व पवित्र आत्मा हे एकच देव) मानल्यास देव त्रयस्थाला दंड करत नाही, तर ते दुःख स्वतःच सोसतो. नायसियाचा मतांगीकार, म्हणजे चौथ्या शतकातील ख्रिस्ती श्रद्धेचे अधिकृत निवेदन, ख्रिस्त ‘आमच्या तारणासाठी’ आला एवढेच सांगतो. ते कसे घडले, याचा सिद्धान्त मांडत नाही.