कोळशावरची वीज बंद करा म्हणणाऱ्यांनो, संध्याकाळी सातला काय करणार?

तापीकाठ_भुसावळ:
आमच्या गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं की आपल्या भुसावळजवळचं दीपनगरचं कोळशावरचं औष्णिक केंद्र बंद करा आणि सगळं सोलर करा. मला अजिबात पटलं नाही. तिथलं ५०० मेगावॅटचं एक युनिट फुल लोडवर चाललं की दिवसाला सात-साडेसात हजार टन कोळसा लागतो, म्हणजे रोजच्या जवळपास दोन रेक, अख्ख्या दोन मालगाड्या. एवढी वीज सूर्य मावळल्यावर कुठून आणणार? मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात, लहान लेकरं आणि म्हातारी माणसं कूलरशिवाय झोपत नाहीत.

केळीवाला_रावेर:
भाऊ, रात्रीच्या विजेचं कौतुक शेतकऱ्याला नका सांगू. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतपंपांच्या वीजलाईनीला, रात्रीची पाळी आली की दोन वाजता बॅटरी घेऊन केळीत शिरायचं, आधी साप-विंचू बघायचा मग पाय टाकायचा, आणि फ्यूज उडाला की अंधारात डीपीपर्यंत (ट्रान्सफॉर्मरपर्यंत) जायचं. आम्हाला वीज दिवसा पाहिजे. ऊन खान्देशाला कधी कमी पडलंय का?

तापीकाठ_भुसावळ:
दिवसाची वीज पाहिजे हे शंभर टक्के मान्य. पण यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेलेत तुम्हाला माहीत आहे, योजनेतला सौरपंप साडेसात एचपीपर्यंतच मिळतो, तो तुमच्या बोअरला पाणी ओढेल का?

केळीवाला_रावेर:
नाही ओढणार, म्हणूनच पंप नको, अख्खा फीडर सोलरवर घ्या, म्हणजे सौर प्रकल्पाची वीज त्याच लाईनीतून येईल. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, मोटर जुनीच राहते.

साक्रीची_लेक:
मला राखेबद्दल आणि खाणीबद्दल बोलायचंय. आपला देशी कोळसा १०० टन जाळला की ३५-४० टन राख उरते. विटांना, सिमेंटला जाते ती ठीक, उरलेली राखेच्या तळ्यात साठते आणि उन्हाळ्यात उडते. माझ्या बहिणीला विदर्भात खाणपट्ट्यात दिलंय. दुपारी ब्लास्टिंग झालं की फडताळातली भांडी वाजतात, मागच्या भिंतीला उभी चीर गेलीये, विहीर आटली ती आटलीच. आपण इथे बटण दाबतो आणि भोगतं ते गाव. आमच्या साक्रीत शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि त्यांना वारा जास्त मिळतो तो पावसाळ्यात, नेमकं ढगांमुळे सोलर कमी पडतं तेव्हा.

गुरुजी_पारोळा:
ताई बरोबर बोलल्या. खान्देशाखाली बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, म्हणून आपल्याकडे कोळशाची खाण नाही आणि ते दुःखही दिसत नाही. विदर्भातला कोळसा त्याहूनही कितीतरी जुना, २५ कोटी वर्षांच्या पलीकडचा. दलदलीतली झाडं पाण्यात पडली, हवा न मिळाल्याने पूर्ण कुजली नाहीत, वर गाळ साचत गेला, दाबाने आणि उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. पुन्हा तयार व्हायची वाट कोण बघणार? पण एक लक्षात घ्या, ठिबकच्या नळ्यासुद्धा खनिज तेल-गॅसपासूनच बनतात आणि युरियाला नैसर्गिक वायू लागतो. त्यामुळे एका दिवसात सगळं सोडा म्हणणं मला चुकीचं वाटतं. आधी जाळणं कमी करा.

साक्रीची_लेक:
जाळणं कमी करा हेच म्हणतेय गुरुजी. संध्याकाळचं उत्तर पण आहे. घाटघरला २००८ पासून वीज जास्त असली की पाणी वरच्या धरणात चढवतात आणि कमी पडली की खाली सोडून २५० मेगावॅट बनवतात.

तापीकाठ_भुसावळ:
ताई, ते २५० म्हणजे दीपनगरच्या एका युनिटच्या निम्मं, तेही काही तासच. तसे अजून चार-पाच उभे करा, चालवून दाखवा, मग युनिट बंद करायची तारीख मागा, मी स्वतः तुमच्यासोबत निवेदनावर सही करतो.