पगारातून देणगी म्हणजे खंडणी? जरा ऐकून घ्या

गोदाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, कंपनीने दरमहा पगारातून देणगी कापणं ही 'एचआरची खंडणी' आहे. वाचून डोकं फिरलं. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या वसतिगृहाचे हिशेब बघतो. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर जातात, मुलं आमच्याकडे राहतात. सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीवाले, येतात, खोली बांधून देतात, दारावर पाटी लावतात. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, गॅस, तूरडाळ यांना पैसे मागितले की उत्तर ठरलेलं: 'हे आमच्यात बसत नाही.' तो खर्च पुण्यातल्या एका कंपनीतली पोरं महिना दोनशे-तीनशे देतात त्यावर भागतो. रक्कम वेळेवर येते म्हणून वाणी उधार देतो.

हिंजवडीकर: ती पोस्ट माझी. तुमच्या वसतिगृहाशी माझं भांडण नाही. आमच्याकडे मेल आला, 'नको असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.' म्हणजे गप्प बसलो तर होकार. अप्रेझल तोंडावर असताना कोण नाही म्हणणार? संस्थाही त्यांनीच ठरवलेली.

झेडपी_गुरुजी: तुम्हाला निदान मेल तरी आला. २०१९ला कोल्हापूर-सांगलीत पूर आला तेव्हा पूरग्रस्तांसाठी आम्हा शिक्षकांचा एक दिवसाचा पगार कापला. 'नको असेल त्यांनी लेखी द्यावं' हे आम्हाला पगार जमा झाल्यावर कळलं. माझी बहीण शिरोळला, तिच्या घरात पाणी. मी तिला पैसे पाठवतच होतो.

कृष्णाकाठ: गुरुजी, वेतन आयोग मागायला संघटना लागते, आणि तिनेच एक दिवसाचा पगार पूरग्रस्तांना द्यायचं जाहीर केलं की दुखतं? आमच्या घरात तेव्हा छातीएवढं पाणी होतं.

झेडपी_गुरुजी: वेतन आयोगाचा इथे काय संबंध? संघटनेने माझ्या वतीने बोलावं, माझ्या खिशात हात घालू नये. निवडणूक आम्ही, जनगणना आम्ही, सर्वेक्षणं आम्ही. आता दानही परस्पर?

कृष्णाकाठ: दुखत होतं तर तेव्हाच अर्ज द्यायचा होतात.

झेडपी_गुरुजी: पगार कापल्यावर? शिकवू नका.

आकडेमोड: दोघेही थांबा. नव्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४पासून तीच आपोआप लागू होते. 'कर वाचेल' असं सांगून एचआर फॉर्म भरून घेत असेल तर आधी तुमची प्रणाली बघा. जुनीत असाल तर कापलेली देणगी फॉर्म १६मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगार-कराच्या दाखल्यात, दिसते का ते तपासा. आणि सीएसआरचे दोन टक्के कंपनीच्या नफ्यातून जायचे असतात, तुमच्या पगारातून नव्हे.

गोदाकाठ: गप्प राहिला म्हणजे होकार, हे चूकच, तेवढं मान्य. पण आमच्या देणगीदारांनी स्वतः फॉर्म भरलाय, संस्था स्वतः निवडलीय. काहींनी मध्येच बंद केलं, आम्ही कारण विचारलं नाही. त्यांच्या पैशाला खंडणी म्हणू नका.

हिंजवडीकर: बरं, तो शब्द मागे घेतो. मेलला मात्र 'नको' असंच कळवणार. द्यायचं तर बँकेतून थेट देता येतं, मध्ये एचआर कशाला?

गोदाकाठ: येतं की. पण थेट देणाऱ्या बहुतेकांना आम्ही मार्चमध्ये आठवतो. तोवर हंगाम संपत आलेला असतो, मुलं घरी निघालेली असतात. डाळ लागते नोव्हेंबरात. तेव्हापासून दरमहा देणार असाल तर सांगा, खाते क्रमांक पाठवतो.