मदत हवी आहे: गिरणगावातल्या खानावळीचा फोटो कुणाकडे आहे का?

माझी आजी लालबागच्या चाळीत एका खोलीत खानावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार पाळीप्रमाणे जेवायला यायचे. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी, हिशेब पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पैसे थकले, तरी तिने कुणाचं ताट बंद केलं नाही. (हे आईने सांगितलेलं.) आता तिथे टॉवर आहे.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आजी त्यात होती का, ते कसं शोधता येईल?

लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या मंडळींनो, घरात जुना फोटो, हिशेबाची वही, काहीही असेल तर कृपया कळवा. आई आता ७८ वर्षांची आहे. तिला ती खोली एकदा दाखवायची आहे.