फुलांच्या घाटीत लेकीला कांडीत बसवलं. चुकलं का?

पायवाट

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. आल्यावर घरच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि त्यातल्या एकावरून जे पेटलंय ते अजून विझलेलं नाही. फोटोत (इथेही जोडलाय) लेक कांडीत बसलीये. कांडी म्हणजे पाठीवर घ्यायची वेताची उंच टोपली, एका बाजूने कापलेली. माणूस तिच्यात पाठमोरा बसतो, पाय बाहेर लोंबते. मावसभावाने खाली लिहिलं, "माणसाच्या पाठीवर माणूस? लाज कशी नाही वाटली?"

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जोशीमठच्या पुढे गोविंदघाट, तिथून जीपने पुलना, मग नऊ-दहा किलोमीटर चढून घांगरिया. मुक्काम तिथेच करायचा, कारण घाटीत राहायला परवानगी नाही. सकाळी आत जायचं, संध्याकाळच्या आत बाहेर. घांगरियापर्यंत खेचरं मिळतात, पण राष्ट्रीय उद्यानाच्या दारापुढे खेचराला बंदी. पुढे स्वतःचे पाय, नाहीतर दुसऱ्याची पाठ.

आईचे गुडघे घांगरियातच बोलायला लागले, ती गुरुद्वारात कीर्तन ऐकत बसली. बाबा पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत आले, समोरच्या दगडी पायऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "मी इथूनच नमस्कार करतो." नवरा त्यांना सोडायला मागे फिरला. राहिलो मी आणि लेक. आदल्या दिवशी ती सहा किलोमीटर स्वतः चालली होती, त्यामुळे आता पाय टाकायला तयार नव्हती. दारापासून एक कांडीवाले दादा आमच्या मागे मागे येतच होते. मी त्यांना हाक मारली. त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले, घासाघीस केली नाही.

माझं मत: चूक नव्हती. त्यांना काम हवं होतं, मला मदत. पण एक गोष्ट सांगितली नाही तर खोटं होईल. चढावर ते दादा इंग्रजी टी अक्षरासारखी काठी टोपलीच्या बुडाला टेकवून उभ्याउभ्याच दम घ्यायचे. लेक म्हणाली, "आई, काका दमले, मी उतरू?" मी म्हटलं, "बस गं, पाऊस आहे."

ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. बोला.

कातळकडा

धागाकर्तीने प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मीही स्पष्टच लिहितो. चुकलं. मुलीला झेपत नव्हतं तर न्यायचं नव्हतं.

घांगरिया म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि घाटी त्याच्याही वर. ही पहिलीतल्या पोराची जागा नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना राजमाचीला नेला, सातव्या वर्षी हरिश्चंद्रगड, तोही पाचनईच्या सोप्या वाटेने. दोन्ही वेळा रडला, पण चालला. हिमालय कुठे पळून जात नाही, दहाव्या वर्षी न्या.

आणि माणसाने माणसाला वाहण्याबद्दल म्हणाल, तर माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. माणसाच्या प्रतिष्ठेला हे शोभत नाही, म्हणून. तिथे निदान चाकं तरी होती!

जोशीकाकू_नागपूर

म्हणजे डोंगर फक्त टणक पोटऱ्यावाल्यांचा का रे बाबा?

मी चौसष्टाव्या वर्षी हेमकुंडच्या गुरुद्वाराला (ती वाट वेगळी, तिथे खेचर चालतं) खेचरावर बसून गेले. घांगरियाहून सहा किलोमीटर, पण चढ असा की खेचरसुद्धा थांबून माझ्याकडे बघायचं. वर तळ्याकाठी लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळाला. खडकांत ब्रह्मकमळं होती, माझ्या कुंडीतल्या निवडुंगाची नव्हेत, खरी. मी तिथे रडले. तुमच्या हिशेबाने मी घरी बसून टीव्हीवर बघायला हवं होतं.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांचा हा एक रोगच आहे. स्वतः घाम गाळला नाही तर बघण्याचा हक्क नाही! रायगडावर रोपवेने जाणाऱ्याला महाराज दिसत नाहीत का? माझ्या सासूबाई सप्तशृंगीला डोलीत बसून गेल्या होत्या, देवीने हाकललं नाही.

कातळकडा

काकू, रोपवेला वीज ओढते. तुमचं खेचर दिवसात किती फेऱ्या मारतं ते विचारलं होतंत? पुलना ते घांगरिया वाटेवर लिदीच्या चिखलातून चाललोय मी. पाठीवर खोगिराने सोललेली जखम आणि वर घोंगडी टाकून ती झाकलेली. हा देखावा फुलांच्या फोटोत येत नाही.

बघण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्यांनी का मोजायची, एवढंच माझं म्हणणं.

बाळाची_डॉक्टर

नैतिक प्रश्न तुम्ही सोडवा. मला त्या फोटोत वेगळंच काहीतरी खुपलं. पोरीच्या पायांत कापडी बूट आहेत आणि ते भिजलेले दिसतायत.

चालणारं मूल स्वतःला गरम ठेवतं. कांडीत बसलेलं मूल तीन-चार तास निश्चल असतं. पाऊस, वारा, पाय लोंबते. उचलून नेणाऱ्याला घाम फुटलेला असतो आणि आपण त्याच्याकडे बघून हवा बरी आहे असं समजतो. मूल गप्प झालं की आईबापांना वाटतं शहाण्यासारखं बसलंय. लहान मूल गप्प होणं हे थंडीचं लक्षण असू शकतं.

उंचीचंही तेच. साधारण अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगतो, लहान मूल नुसतं किरकिरतं, जेवत नाही, ओकतं, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलंय. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. उतरणं हाच खरा उपाय.

तरी नेऊच नये असं मी म्हणणार नाही. जोशीमठला एक रात्र काढली, घांगरियाला एक काढली, हेमकुंडाचा मोह आवरला, तर सहा वर्षांचं निरोगी मूल घाटीत जाऊ शकतं. पण दर अर्ध्या तासाने खाली उतरवून चालवायचं. म्हणजे "मी उतरू?" असं ती म्हणाली तेव्हा उत्तर "हो" असायला हवं होतं. तिच्यासाठीही आणि त्या माणसासाठीही.

पायवाट

डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला. कारण झालं तसंच. घाटीच्या तोंडाशी उतरवली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती आणि ती खरंच गप्प होती. मी मोजे काढले, दुसरा जोड हॉटेलवर राहिलेला. त्या दादांनी काही न बोलता स्वतःच्या डोक्याचा मफलर सोडला, तिचे पाय त्यात गुंडाळले आणि जाकिटाच्या आत घेऊन बसले. दहा मिनिटांनी ती "फुलं कुठेत?" म्हणाली.

हे पहिल्या पोस्टमध्ये का लिहिलं नाही? लाज वाटली म्हणून.

मार्केटयार्ड

मी सहसा वाचनमात्र असतो. पण माझे वडील तीस वर्षं हमाल होते, तेव्हा पाठीचा विषय निघाला की बोलणार.

कातळकडा, तुमच्या मनात वाईट नाही, पण तुमची दया आम्हाला परवडत नाही. वडिलांच्या पाठीकडे बघून "अरेरे" म्हणणारे गिऱ्हाईक पुष्कळ असायचे आणि हमाली देताना दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारेही तेच. ओझं वाहण्यात अप्रतिष्ठा नाही. अप्रतिष्ठा वजनाला मर्यादा नसण्यात आहे, दर ठरलेला नसण्यात आहे, पाय घसरला तर दवाखान्याचे पैसे कोण देणार हे कोणाला माहीत नसण्यात आहे. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला तो ओझं बंद करायला नव्हे, ओझं वाहणाऱ्याची नोंद व्हावी, मजुरी बुडू नये, फंड मिळावा म्हणून. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला केवढा झगडा केला! पोतं नकोच असं कोणी म्हटलं नाही.

माथेरानचं तुम्ही अर्धंच सांगितलं. कोर्टाने रिक्षा बंद करा म्हणताना ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन उभं करा असंही सांगितलं. घाटीतल्या पायऱ्यांवर काय देणार?

धागाकर्त्या ताईंना मात्र विचारतो. घासाघीस केली नाही हे चांगलं. पण तुम्ही आत डबा खाल्लात तेव्हा ते कुठे होते? पावसासाठी त्यांच्याकडे काय होतं? प्लास्टिकचा कागद, की काही नाही?

पायवाट

प्लास्टिकचा कागद. तोही त्यांनी अर्धा टोपलीवर टाकलेला. पायांत साध्या रबरी चपला.

डबा खाताना ते लांब एका दगडावर बसले होते. मी हाक मारली तेव्हा आले, एक पराठा घेतला आणि पुन्हा त्याच दगडावर गेले. नेपाळचे, एवढं कळलं. मी नाव विचारलं नाही, चार तासांत एकदाही.

तिसरी_बाजू

एक मुद्दा सगळ्यांकडून सुटतोय. १९८२ मध्ये घाटी राष्ट्रीय उद्यान झाली आणि तिथली चराई बंद झाली. तिथल्या भ्यूंडार गावच्या लोकांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या त्या कुरणांवर जात होती. कुरण गेलं, मग खेचर, दुकान, धाबा, लॉज. म्हणजे आज आपण ज्या खेचराला नाकं मुरडतोय ते आपल्याच फुलांसाठी त्यांच्या गळ्यात आलंय. आता पर्यटकही नको म्हणालात, तर त्यांनी दोनदा का भरायचं?

गंमत म्हणजे चराई थांबल्यावर पॉलीगोनम नावाचं पुरुषभर वाढणारं झुडूप घाटीत फोफावलं, इतकं की वनखात्याला ते दरवर्षी उपटावं लागतं. मेंढरं त्याला आवरत होती असं म्हणणारे आहेत, आणि त्याचा मेंढरांशी संबंध नाही म्हणणारेही आहेत. मी पहिल्यांत.

कातळकडा

तिसरी_बाजू, कांडीवाले बहुतेक नेपाळी, चराई गेली भ्यूंडारवाल्यांची. दोन वेगळी माणसं एका वाक्यात कोंबू नका.

मार्केटयार्ड, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. "दया परवडत नाही" हे लागलं. वजन, दर, विमा, मान्य, शब्दन्‌शब्द मान्य. तरीही माझं पोर मी बसवणार नाही. मोठ्या माणसाला पर्याय नसतो, काकूंच्या गुडघ्यांना नव्हता. सहा वर्षांच्या पोराला पर्याय आहे: वाढणं. कास पठार आहे ना सप्टेंबरात, तिथे नेऊन लोळवा.

जोशीकाकू_नागपूर

कासला ऑनलाइन बुकिंग करून रांगेने फिरवतात, लोळवायला कोण देतंय!

आणि चार वर्षांनी त्या मुलीचे आजीआजोबा सोबत असतील का, हा हिशेब तुमच्या ट्रेकच्या वहीत नसतो. ती पाच जणं एकत्र गेली, तीन ठिकाणी थांबली आणि संध्याकाळी एका खोलीत गरम पाण्यात पाय सोडून बसली. माझ्या मते सहल झाली.

नवा_भिडू

वाद चालू द्या. येत्या ऑगस्टात आमचं ठरतंय, मुलगा सात वर्षांचा, आई एकसष्ट. काय काय लक्षात ठेवू?

पायवाट

जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य फुलं भरात असतात, आणि पाऊसही. हरिद्वार ते गोविंदघाट रस्ता दरडींनी कधीही बंद होतो, परतीला दोन दिवस मोकळे ठेवा, रेल्वेचं तिकीट लगेचचं काढू नका. घाटीत दुकान नाही, आडोसा नाही, वाटेवर ओला दगड साबणासारखा. १९३९ मध्ये जोन लेग नावाची वनस्पतिशास्त्रज्ञ बाई फुलं गोळा करताना घसरून गेली, तिची कबर आतच आहे. तिथपर्यंत जायचा हट्ट धरू नका, मुलाला पूल ओलांडून वरची पहिली फुलं दिसली तरी पुरे. दार उघडताच सकाळी आत शिरा.

कांडी घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. घेतलीत तर एक जास्तीचा रेनकोट घ्या, मोठ्या मापाचा. नाव विचारा. आणि मुलाच्या मोज्यांचे दोन जास्तीचे जोड तुमच्या पाठीवरच्या पिशवीत, हॉटेलवरच्या नव्हे.