शब्दचर्चा : धम्मकलाडू आणि चापटपोळी

प्रश्न

धम्मकलाडू जोडून लिहायचा की तोडून? आणि हे शब्द नेमके घडले कसे असतील?

आमच्याकडे ते रोजच्या वापरातले आहेत. लेक शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, "आई, खायला काय?" मी म्हणते, "धम्मकलाडू नि चापटपोळी." ती लगेच वळून पाठ पुढे करते, खांदे कानापर्यंत वर, डोळे गच्च मिटलेले. मी मूठ उगारते, तोंडाने मोठ्ठ्याने "धम्म" म्हणते आणि मूठ पाठीवर नुसती टेकवते. एवढं झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा तिचा नियम. माझे बाबा माझ्याशी हेच करायचे.

उत्तर

जोडूनच लिहा, तो सामासिक शब्द आहे. "धम्म" हा पाठीत बुक्की बसल्याचा आवाज, त्यावरून धम्मक. लाडू का, तर वळलेली मूठ लाडवासारखी दिसते म्हणून. चापट मात्र उघड्या हाताची, सपाट. संस्कृतात चपेट म्हणजे उघड्या पंजाचा तडाखा. त्यामुळे तिची पोळी झाली, लाडू होऊच शकला नसता. पुरणपोळी, गूळपोळी या साच्यात हा शब्द इतका चपखल बसलाय की पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला तो खरा पदार्थच वाटतो. फसवणुकीची सगळी गंमत त्या साच्यात आहे.

"आपडी थापडी, गुळाची पापडी, धम्मकलाडू…" हे तर आपण सगळेच म्हणत आलो. पुढची ओळ घरोघरी वेगळी. म्हणजे हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तोच टाळ्यांच्या खेळात.

मराठवाड्यातून

आमच्याकडे साच्याचीही गरज नाही, एकाच शब्दात दोन्ही कामं होतात. धपाटा म्हणजे पाठीत बसतो तो, आणि धपाटे म्हणजे ज्वारीच्या पिठाचे, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले. सोबत दही नि ठेचा. दोन्हींत हात तोच, थापण्याचा. वडील विचारायचे, "धपाटे पाहिजेत का?" आम्ही भावंडं आधी एकमेकांची तोंडं बघायचो. दुपारी काही सांडलं-फोडलं असेल तर "भूक नाही" म्हणायचो. स्वयंपाकघरातून तिळाचा, भाजल्याचा वास आला की मग "पाहिजेत!" वडील मुद्दाम वास यायच्या आधी विचारायचे.

आणखी एक उत्तर

मार "खाल्ला" जातो, हे मूळ. हिंदीतही मार खातात, पण मराठीने त्यापुढे अख्खं ताट वाढलंय. कणीक तिंबणे, पाठीचं धिरडं करणे, खरपूस समाचार घेणे, प्रसाद देणे. बहुतेक सगळे शब्द चुलीजवळचे. माझ्या मते ते घरातल्या बायकांच्या तोंडी घडले असणार. कणीक तिंबताना मनगटाला काय कष्ट पडतात ते ज्याला ठाऊक, त्यालाच असा वाक्प्रचार सुचतो.

"चौदावं रत्न दाखवणे" हा एक वेगळ्या घराण्यातला. समुद्रमंथनातली चौदा रत्नं मंगलाष्टकांत म्हणतात, "लक्ष्मी कौस्तुभ पारिजातक सुरा…" त्या श्लोकात मोजत गेलात तर चौदावं येतं अमृत!

शंका

पण हे शब्द मुलांशी वापरावेत का? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. ज्या मुलाने घरी खरोखर मार सोसलाय, त्याला "धम्मकलाडू" ऐकून हसू येणार नाही.

प्रश्नकर्तीचं उत्तर

शंका रास्त आहे आणि मला ती मोलाची वाटते. जिथे खरी मूठ बसते तिथे हा शब्द क्रूरच आहे, आणि तिथे तो कुणी वापरू नये. आमच्याकडे मात्र लेकीला मूठ टेकणार एवढंच माहीत आहे, म्हणून तर ती स्वतःहून पाठ पुढे करते. ज्या दिवशी ती वळणार नाही, त्या दिवशी मी "धम्म" म्हणणार नाही.

जोडून लिहीन आता. आणि तिने केलेली भर इथे नोंदवते, कारण साचा तिला बरोबर कळलाय: डोक्यावर हलकेच मारायची ती टपली, तिचा "टपलीवडा". कान पिरगळला की "कानचकली". चकलीला पीळ असतो म्हणून, असं कारणही तिने दिलं. आजोबांना फोनवर ऐकवलं, तर त्यांनी लगेच विचारलं, "आणि चिमट्याचं काय?" त्यावर अजून दोघांचं एकमत नाही. ती म्हणते "चिमटाशेव", ते म्हणतात "चिमटाकरंजी", कारण करंजीची कड चिमटीनेच दाबतात. तुम्हाला कोणता बरा वाटतो?

मराठवाड्यातून

करंजी. शेव सोऱ्याने पाडतात, तिथे चिमटीला काम नाही.