फ्लोराइडनं हाडाच्या पेशी वाढतात की मरतात?

पेट्रीतली_पेशी:
एमसी३टी३-ई१ या उंदराच्या ऑस्टिओब्लास्टवर (हाड बांधणाऱ्या पेशींवर) सोडियम फ्लोराइड देऊन बघायचंय. ०.५, १, २ आणि ४ मिलिमोलर असे डोस ठरवलेत. पण एक शोधनिबंध म्हणतो पेशी वाढतात, दुसरा म्हणतो मरतात. शिवाय तेलंगणातल्या नलगोंडा आणि यवतमाळकडच्या बोअरच्या जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याशी याची सांगड कशी घालायची? तिथल्या रुग्णांची हाडं एक्स-रेत उलट दाट दिसतात.

चिमूटभर_मीठ:
दोन्ही निबंध खरे, डोस वेगळे. आधी एककं लावून घ्या. १ मिलिमोलर म्हणजे लिटरला १९ मिलिग्रॅम फ्लोराइड. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे ०.०५ ते ०.०८ मिलिमोलर. रक्तात तर ते त्याहून कितीतरी कमी, मायक्रोमोलरच्या घरात असतं. मायक्रोमोलर मात्रेत ऑस्टिओब्लास्टमधल्या टायरोसिन फॉस्फेटेजला (वाढीचा संदेश बंद करणाऱ्या विकराला) अडथळा होतो, वाढीचा संदेश लवकर बंद होत नाही आणि पेशी वाढतात. मिलिमोलरला गेलात की मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि पेशी अपॉप्टोसिसनं (स्वतःच ठरवून) मरतात.

आता हाताशी येणाऱ्या अडचणी. ४२ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड १० मिलिलिटर पाण्यात घेतलं की १०० मिलिमोलरचा साठा तयार. तो पॉलिप्रॉपिलिनच्या नळीतच ठेवा, काचेत नको. फ्लोराइड काचेतलं अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं आणि ती जोडी जी-प्रथिनं (पेशीत संदेश पोचवणारी प्रथिनं) चेतवते. मग परिणाम नेमका कशाचा, ते कळत नाही. कंट्रोलला तेवढ्याच मिलिमोलरचं साधं मीठ घाला, नुसतं माध्यम नको.

दुसरं, पेशी वाढवायच्या माध्यमात १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. फ्लोराइड अर्ध्या मिलिमोलरच्या पुढे गेलं की कॅल्शियम फ्लोराइडची विद्राव्यता ओलांडली जाते. कधी लगेच गढूळ होतं, कधी दिवसभरानं तळाशी बारीक साका दिसतो. म्हणजे लेबलवर ४, पेशीला मिळतंय त्याहून कमी. नमुना टिसॅब द्रावणात (मोजणीआधी आम्लता आणि आयनांचं प्रमाण स्थिर करणाऱ्या) समप्रमाणात मिसळून फ्लोराइड इलेक्ट्रोडनं मोजा, आणि तोच आकडा लिहा.

एनोलेज_बंद:
एमटीटीवर (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजणारी चाचणी) विसंबू नका, एवढंच जोडतो. फ्लोराइड एनोलेज या विकराला अडवतं, ग्लायकोलिसिस (पेशीतलं ग्लुकोजचं विघटन) मंदावतं आणि पेशी जिवंत असूनही जांभळा रंग फिका येतो. ट्रिपॅन ब्लूनं (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) मोजणी आणि अ‍ॅनेक्सिन व्ही (अपॉप्टोसिस ओळखणारी चाचणी), दोन्ही करा.

खनिज_आणि_चुना:
एक्स-रेचं कोडं पेशीतच सुटत नाही, खनिजाकडेही बघावं लागतं. अ‍ॅपेटाइट या हाडाच्या खनिजातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसतं. हा स्फटिक आम्लात कमी विरघळतो, त्यामुळे हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्टचं काम अडतं. तिकडे ऑस्टिओब्लास्ट सैरावैरा ऑस्टिऑइड (खनिज न भरलेलं कच्चं हाड) रचत राहतात, पण त्यात खनिज भरायला उशीर होतो. हाड दाट होतं, पण मजबूत नाही. १९९० मध्ये मेयो क्लिनिकनं प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ऑस्टिओपोरोसिसच्या स्त्रियांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिलं होतं. ४ वर्षांत कण्याची घनता ३५ टक्के वाढली, आणि कण्याव्यतिरिक्त हाडांचे फ्रॅक्चर मात्र जास्त झाले.

आहारात कॅल्शियम कमी असेल तर गणित आणखी बिघडतं. पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं, मऊ हाड तयार होतं. नलगोंड्याच्या मुलांत गुडघे आतल्या बाजूला वळण्याचा प्रकार १९७३ च्या सुमारास नोंदला गेला, त्याची मांडणी याच मार्गानं होते. म्हणून प्लेटमध्ये कमी कॅल्शियमचा एक गट ठेवाच.

पेट्रीतली_पेशी:
मग ४ मिलिमोलर काढून टाकू?

चिमूटभर_मीठ:
नको, विषारी टोक म्हणून राहू दे. फक्त निष्कर्षात "पाण्यातल्या फ्लोराइडनं पेशी मरतात" असं लिहू नका. खाली ०.०१ आणि ०.०५ घाला, आणि २४ तासांवर थांबू नका. शोषलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढांत साधारण निम्मं हाडात साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. १४ ते २१ दिवसांचं खनिजीकरण लावा: अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. शेवटी अलिझरिन रेड (कॅल्शियमला लाल करणारा रंग) लावताना पेशी नसलेला, पण तेच माध्यम आणि तोच डोस असलेला प्लेटमधला एक खळगा सोबत ठेवा. तोही लाल झाला, तर तो रंग पेशींचा नाही, नुसत्या साक्याचा आहे.