दिवाळीत 'नो कॉस्ट ईएमआय'वर फोन घ्यावा का?

प्रश्न: क्रेडिट कार्डावर ३०,००० चा फोन, ६ हप्ते, दरमहा ५,०००. व्याज खरंच शून्य असतं का?

प्रतिसाद १: नाही. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधी देतो. वार्षिक १५% दर धरला तर कर्ज साधारण २८,७३० चं आणि व्याज १,२७० चं होतं. त्या व्याजावर १८% जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, तुमच्याच खिशातून जातात. वर प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर जीएसटी धरून २३५. एकूण फटका ४६४ च्या आसपास. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं.

प्रतिसाद २: हिशेब बरोबर, पण खरी मेख वेगळीच आहे. एकरकमी पैसे दिल्यास मिळणारी कार्डाची सूट ईएमआयवरही मिळते का, हे पैसे भरायच्या पानावर दोन्ही पर्याय उघडून बघा. दोन हजारांची सूट जात असेल तर हप्ते महागच पडले! कार्डाची मर्यादाही सुरुवातीला पूर्ण ३०,००० ने अडकू शकते.

प्रतिसाद ३: फोन परत केलात तर ईएमआय रद्द झाला का, हे बँकेकडून पक्कं करा. प्रक्रिया शुल्क बहुधा परत मिळत नाही.